उपासाला चालतंय की

सातव्या माळेच्या दिवशी सकाळी सव्वासहाला शकुंतलाकाकू जिममध्ये आल्या, पण त्यांनी चपला काढल्या नाहीत. आमच्याकडे दारात चपला काढायचा नियम आहे, आणि बाकीच्या बायकांकडून तो काकूच पाळून घेतात. त्या उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. हातात किराणा दुकानाची कापडी पिशवी होती. पिशवीतून त्यांनी प्रोटीन पावडरचा डबा काढला, दाराशेजारच्या काउंटरवर ठेवला आणि फिरवून त्याची मागची बाजू माझ्याकडे केली.

"पोरी, याच्यात सोयाबीन हाये म्हन्ते रेखा," त्या म्हणाल्या. रेखा म्हणजे त्यांची सून. "सोयाबीन आन वाटाना. सा दिवस झाले, म्या उपासाच्या पोटी सोयाबीन पिऊन राह्यली."

मॅटवर वॉर्मअप करणाऱ्या अकरा बायका हात वरच ठेवून थांबल्या.

मी डब्याकडे बघत राहिले. काकूंनी माझ्या उत्तराची वाट पाहिली, मग त्या वळल्या आणि जिना उतरून गेल्या. उतरताना त्यांनी कठड्याला हात लावला नाही, हे माझ्या लक्षात आलं. जूनमध्ये त्या दोन्ही हातांनी कठडा धरून एकेक पायरी आडव्या उतरायच्या. अंगावर आभाळ कोसळत असलं तरी कोचचं लक्ष समोरच्याच्या गुडघ्यांकडेच जातं.

आता थोडं मागचं सांगते.

मी आजरा तालुक्यातली. कोल्हापूर जिल्ह्याचं शेवटचं टोक. नववीत शाळा सुटली. आई आजारी आणि हायस्कूल सात किलोमीटरवर, एवढंच कारण. कोल्हापुरात मावशीकडे राहून एका जिममध्ये झाडलोट आणि मशीन पुसायच्या कामाला लागले. तिथले सर भले होते. बायकांची वेळ संपल्यावर मला बार उचलू द्यायचे. त्यातून मी वेटलिफ्टिंगला जिल्ह्यात दुसरी आले. मग सरांच्याच ओळखीनं आठ आठवड्यांचा ट्रेनरचा कोर्स केला. कोर्स अर्धा इंग्रजीत, अर्धा हिंदीत. मी पाठ करून पास झाले.

त्याच वेळी मंगरूळपीरच्या विनोदभाऊंना लेडीज ट्रेनर हवी होती. वाशिम जिल्हा कुठं आहे हे विचारणाऱ्या तीन मुलींनी नकार दिला होता. मी न विचारताच हो म्हणाले. विनोदभाऊंचं खाली बियाण्यांचं दुकान, कृषी केंद्र, आणि वरच्या मजल्यावर जिम. त्यांनी मला मागची खोली दिली, वहिनींनी पहिल्या दिवशी गरम भाकरी दिली, आणि पाठीवर मोठ्या अक्षरांत 'कोच' लिहिलेला टी-शर्ट दिला. तो टी-शर्ट घालून मी पहिल्यांदा आरशात बघितलं तेव्हा मान वळवून वळवून दुखायला लागली, पण पाठ काही नीट दिसेना.

एक अट होती. दिवाळीपर्यंत लेडीज बॅचमध्ये वीस बायका झाल्या पाहिजेत. नाही झाल्या तर सकाळची ती वेळ पोलीस भरतीच्या पोरांना. भाऊंनी हे प्रेमानं सांगितलं होतं, पण सांगितलं होतं. माझी नोकरी, खोली आणि टी-शर्ट त्या वीस आकड्याला बांधलेले होते.

पहिला महिना चार बायका. त्यातली एक वहिनी.

शकुंतलाकाकू आल्या आणि चित्र बदललं. वय अठ्ठावन्न. घरची शेती रिठदकडे, जन्म तिथेच राबण्यात गेलेला, आणि आता नातवंडांच्या शाळेसाठी सून-मुलासोबत मंगरूळपीरला. गुडघे दुखत होते. वाशिमच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गुडघ्याची वाटी अजून बरी आहे, पण मांडीत जोर नाही. मांडीचे स्नायू गुडघ्याचा भार पेलतात. ते सुकले की सगळा धक्का हाडावर. मांडी भरा, नाहीतर दोन वर्षांत ऑपरेशन.

मी त्यांची एक साधी टेस्ट घेतली. खुर्चीवर बसायचं, हात छातीशी बांधायचे, आणि अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा उठता-बसता येईल तितक्या वेळा उठायचं. यासाठी ना मशीन लागतं ना इंग्रजी. काकू दोनदा उठल्या. तिसऱ्यांदा अर्ध्यात अडकल्या आणि म्हणाल्या, "आता तूच उचल मले."

मग मी त्यांना काय खाता ते विचारलं. सकाळी चहा-पोळी, दुपारी ज्वारीची भाकर नि भाजी. वरण घरात रोज होतं, पण खालचं घट्ट वरण नातवंडांना, वरचं पाणी काकूंना. अंडं नाही. दूध घेतलं की पोट ढोलासारखं. स्नायू प्रोटीनचे बनतात. व्यायाम म्हणजे गवंडी, प्रोटीन म्हणजे विटा. काकूंकडे गवंडी रोज येत होता आणि विटा नसल्यामुळे बिडी ओढून परत जात होता.

जिममध्ये सगळे पितात ती पावडर असते व्हे. दूध फाडून पनीर किंवा चीज केलं की जे पाणी उरतं, ते व्हे. ते वाळवून पावडर करतात. म्हणजे मूळ दूधच. एका चमच्यात काकूंचं पोट फुगलं. म्हणून मी प्लान्ट-बेस्ड पावडर सुचवली. प्लान्ट म्हणजे झाड. वनस्पतीपासून केलेलं प्रोटीन. डब्यातलं एक माप, ज्याला आम्ही स्कूप म्हणतो, म्हणजे साधारण तीन वाट्या घट्ट वरणाइतकं. चव चॉकलेटची. गणपती झाल्यावर काकूंनी ती सुरू केली, आणि पंधरा दिवसांत खुर्चीतून पाच वेळा उठायला लागल्या.

काकूंनी हे गल्लीत सांगितलं. सांगितलं म्हणजे दाखवलं. ओट्यावर खुर्ची टाकून गल्लीसमोर पाच वेळा उठल्या-बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यामागून सात बायका आल्या. बॅच बाराची झाली. वीस आता दिसायला लागले होते.

आणि मग नवरात्र आलं.

काकू वर्षात दुसरा उपास धरत नाहीत. सोमवार नाही, चतुर्थी नाही. फक्त नऊ माळा, पण त्या कडक. एकतीस वर्षांत एकदाही मोडल्या नव्हत्या. मागच्या वर्षी सातव्या माळेला त्या देवळाच्या पायरीवर चक्कर येऊन बसल्या होत्या, असं बेबीताईंनी मला सांगितलं. बेबीताई म्हणजे त्यांच्या शेजारीण. माझी झोप उडाली. माझी एकुलती एक यशस्वी क्लायंट, आणि नऊ दिवस केळी नि साबुदाण्यावर. मांडी भरलेली परत रिकामी होणार.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी काकूंनी पावडर कालवायचा शेकर हातात धरून मला विचारलं, "कोचबाई, हे उपासाले चालते काय?"

मी म्हणाले, "चालतंय की."

आमच्या कोल्हापूरकडे हे वाक्य श्वासासारखं बाहेर पडतं. चहात साखर कमी आहे, चालतंय की. एसटी उशिरा आहे, चालतंय की. पण फक्त सवय म्हणून मी ते बोलले नव्हते. माझ्या डोक्यात एक हिशेब होता. कोर्समध्ये मी पाठ केलं होतं: व्हे म्हणजे दूधवाली, प्लान्ट म्हणजे व्हीगन. व्हीगन म्हणजे शाकाहारीपेक्षाही कडक. दूधसुद्धा न चालणारं. मला वाटलं, शाकाहारापेक्षा कडक म्हणजे उपासाला तर हमखास. उपासाला दूध चालतं आणि डाळ चालत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आई उठता-बसता उपास धरायची, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी. त्या दिवशी घरात आमटी शिजायची नाही. पण तपकिरी चॉकलेटी पावडर बघून कुणाला आमटी आठवते?

डब्याच्या पुढच्या बाजूला हिरवं पान होतं. मागच्या बाजूला बारीक इंग्रजी होतं. बारीक इंग्रजी दिसलं की माझे डोळे आपोआप पुढच्या बाजूवर येतात.

तर सातव्या माळेला काकू गेल्या. बाकीच्या बायकांनी हात खाली घेतले. बेबीताई पाण्याची बाटली उचलून म्हणाल्या, "आज माहे पाय दुखून राह्यले," आणि गेल्या. पाठोपाठ गल्लीतल्या बाकीच्या सगळ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चार बायका. त्यातल्या एक वहिनी.

मी खाली दुकानात जाऊन विनोदभाऊंना सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, त्यांना आधीच तीन घरांतून कळलं होतं. त्यांनी पावडरवाल्या एजंटला फोन लावला. एजंट म्हणाला, साहेब, प्लान्ट म्हंजे प्लान्ट, त्यात काय खोटं आहे? खोटं काहीच नव्हतं. भाऊंनी डबा हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला, आणि मागची बाजू डोळ्यांजवळ धरून वाचली. मग बियाण्यांच्या थप्पीकडे बघत बसले.

"पंधरा वर्सं झाले म्या सोयाबीनचं बी इकतो," ते म्हणाले. "आन मलेच मालूम नाई का वरच्या मजल्यावर बी तेच इकून राह्यलो."

मला हसू आलं नाही. मी विचारलं, "भाऊ, मी बॅग भरू का?"

"बॅग कायले भरते? आधी तिच्या घरी जाय."

"त्या बोलतील."

"बोलन ना. तिचा उपास मोडला, तिनं बोलू नाई काय? ऐकून घे आन ये."

दुपारी मी खोलीत बसून डबा वाचला. मोबाइलमध्ये एकेक शब्द घालून मराठी केलं. पहिला शब्द वाटाणा. दुसरा सोयाबीन. दोन्हीपुढे आयसोलेट. त्याचा अर्थ असा: डाळ किंवा कडधान्य दळतात, त्यातलं तेल आणि पिठूळपणा काढून टाकतात. मागे जे उरतं ते जवळजवळ सगळं प्रोटीन. पुढे कोको, मीठ, गोडी. सगळं मिळून नऊ शब्द. एवढं वाचायला मला पाऊण तास लागला. हा पाऊण तास मी सप्टेंबरात दिला असता तर बरं झालं असतं.

चार वाजता मी काकूंच्या घरी गेले. टी-शर्ट बदलून, साधा पंजाबी ड्रेस घालून. पाठीवर काही लिहिलेलं नको वाटलं.

देवघरात घटातलं धान चांगलं वीतभर वर आलं होतं. त्याच्यासमोर काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि भोवती माझी अर्धी लेडीज बॅच. विषय पावडरचाच चालला होता. मी दारात दिसल्यावर कुणी थांबलं नाही, उलट जोर आला. रेखावहिनींनी मला पाणी दिलं आणि बसायला सतरंजीचा कोपरा दाखवला.

बेबीताई माझ्या बाजूनं बोलत होत्या. त्यांचं म्हणणं, पावडर झाली म्हणजे दाणा राहिला कुठं, ती तर दवाई झाली. यावर समोरच्या घरातल्या ताराबाई म्हणाल्या, "मंग बेसन काय झाडाले लागते काय? खाय उपासाले पिठलं." सगळ्या हसल्या. काकूसुद्धा जराशा हसल्या आणि मग त्यांना आठवलं की आपण रागावलो आहोत.

ताराबाई माझ्याकडे वळल्या. "तू तं कोल्हापूरची ना? अंबाबाईच्या गावची. आन तुलेच ठावं नाई?"

मी सतरंजीकडे बघत म्हणाले, "काकू, चूक माझी आहे. एजंटची नाही, कंपनीची नाही. मी मागची बाजू वाचलीच नव्हती. मला ते इंग्रजी नीट वाचता येत नाही."

हे मी मंगरूळपीरमध्ये कुणालाही सांगितलं नव्हतं. सगळ्या मला कोचबाई, मॅडम म्हणत होत्या, आणि मी म्हणू देत होते.

काकूंनी विचारलं, "किती शिकली तू?"

"नववीत सुटली शाळा."

मला वाटलं, झालं. आता वीस सोडा, चारही राहत नाहीत.

"म्या तिसरी," काकू म्हणाल्या.

"म्या सातवी," बेबीताई म्हणाल्या. "गणितात गेली."

ताराबाई म्हणाल्या त्या शाळेत गेल्याच नाहीत, पण सही येते. मग एकेकीनं आपापली इयत्ता सांगितली, जशी पंगतीत कुणी किती पोळ्या खाल्ल्या ते सांगतात. रेखावहिनी बारावी निघाल्या. बेबीताई म्हणाल्या, "म्हनून तं तिनं वाचलं. बाकी आपून सगळ्या फोटो पाहून पिऊन राह्यलो होतो."

मी रडायच्या बेतात होते आणि हसले. तोंडातून भलताच आवाज आला.

पण काकू हसण्यावर सोडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी घटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सा दिवस मोडले," त्या म्हणाल्या. "ते तू भरून देशीन."

"मी? कसे?"

"सा सोमवार उपास. दसऱ्याच्या पुढच्या सोमवारपासून. आन जेवाले इथं यायचं, माह्या घरी. तुह्या हातचं नाई. तू काई बी खाशीन आन म्हनशीन चालतंय की."

ते शेवटचे दोन शब्द त्यांनी अगदी आमच्या हेलात म्हटले. गल्लीला ते आधीपासून पाठ होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"आणि तुमचे एकतीस वर्षांचे?" मी विचारलं.

"ते मी न् देवी पाहून घेऊ. तू तुहं पाय."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला काकू आल्या. दारात चपला काढल्या, मागे वळून बेबीताईंना म्हणाल्या, चपला काढ. माझ्या हातावर आपट्याची दोन पानं ठेवली आणि मॅटवर जाऊन उभ्या राहिल्या. मी वॉर्मअप सुरू केला. मोजताना माझे आकडे दोनदा चुकले.

आता पहिल्या सोमवारची गोष्ट. मी वेटलिफ्टर. सकाळी चार अंडी खाणारी. त्या दिवशी अकरापर्यंत मी दोन केळ्यांवर होते. काकूंनी ताट वाढलं: भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची पुरी. आईच्या घरातून निघाल्यावर कुणीतरी समोर बसून मला वाढतंय, असं बऱ्याच दिवसांनी होत होतं. मी खाली मान घालून खात होते. आणि खाता खाता सवयीनं प्रोटीन मोजायला लागले. भगरीत फार नाही. राजगिऱ्यात बरंय. आमटीत... मी थांबले.

शेंगदाणा. उपासाला चालतो. झाडाचाच आहे. प्रोटीन चांगलं, फक्त तेल खूप.

मी विचारलं, दाणे कुठून आणता. काकू म्हणाल्या, पोतं भरून घेतो, अर्ध्याचं तेल काढतो. दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लाकडी घाणी आहे, तिथं.

"आणि तेल काढल्यावर जे उरतं?"

"ढेप. ते गायीले."

माझा घास हातातच राहिला. दाण्यातलं तेल काढलं, की मागे उरतं त्यात प्रोटीनचं प्रमाण दाण्यापेक्षा कितीतरी जास्त. कंपनी मोठ्या यंत्रात जे करते, त्याची पहिली पायरी काकूंची घाणी दर वर्षी करत होती, आणि तो माल गाय खात होती. काकूंची गाय त्या गल्लीत सगळ्यांत धडधाकट होती, हेही खरं.

हे बॅचमध्ये सांगितलं तेव्हा ताराबाई म्हणाल्या, "आधी सोयाबीन पाजलं, आता कोच आमाले ढेप चारते."

पण यावेळी मी घाई केली नाही. गायीची ढेप आणि माणसाची पेंड यांत फरक करावा लागतो. ओल लागलेल्या, काळपट दाण्यावर बुरशी असते आणि ती लिव्हरला वाईट. म्हणून आम्ही नवे दाणे घेतले. रविवारी दुपारी काकूंच्या अंगणात नऊ बायकांनी बसून एकेक दाणा निवडला. डाग दिसला की बाहेर. मंद भाजले, सालं चोळून काढली. घाणीवाल्यानं आधी घाणी स्वच्छ पुसली, कारण काकू समोर उभ्या राहिल्या होत्या. ताजी पेंड त्याच दिवशी दळली. तीन भाग पेंड, एक भाग भाजलेल्या राजगिऱ्याचं पीठ, वेलची. पाण्यात कालवायचं, हवा तर गूळ. चॉकलेट नाही. दिसायला लापशीसारखं.

मी काकूंना पेला दिला. त्यांनी आधी नाकाशी धरला, बराच वेळ. मग प्याल्या. "हं," म्हणाल्या. "हे समजते तरी काय हाये ते."

रोजच्यासाठी त्या डब्यातलीच पावडर घेत राहिल्या, ती काही वाईट नव्हती. आणि माझ्या सोमवारी माझ्यासोबत ही. उपास माझा होता, पण मी एकटी कशी खाणार म्हणून त्यांनीही धरला. घट्ट वरणही आता घरात सगळ्यांना सारखं वाढतात. ते रेखावहिनींनी परस्पर सुरू केलं, मला श्रेय नको.

दिवाळीच्या आधी मी टेस्ट घेतली. काकूंनी हात छातीशी बांधले. बेबीताई मोठ्यानं मोजत होत्या, ताराबाई मोबाइलवर वेळ लावून. काकू अकरा वेळा उठल्या. बाराव्यांदा उठत होत्या तेव्हा वेळ संपली, तरी त्या उठल्याच, आणि ताराबाईंना म्हणाल्या की तुहं घड्याळ पुढं हाये. त्या आठवड्यात बॅच तेवीस झाली. त्यातल्या चौघी पलीकडच्या गल्लीतल्या, त्यांना फक्त उपासाची पावडर हवी होती, व्यायामाचं नंतर पाहू म्हणाल्या. मी त्यांना आधी खुर्चीवरून उठायला लावलं.

विनोदभाऊंनी बायकांचा आकडा ऐकला आणि भरतीच्या पोरांना संध्याकाळची वेळ दिली. मग म्हणाले, उपासाची पावडर डब्यात भरून खाली दुकानात ठेवू, बायकांचा बचत गट करू, गटाच्या नावानं त्याच विकतील. पुढच्या बाजूला देवीचा फोटो टाकू की शेंगदाण्याचा, यावर ते आणि वहिनी दोन दिवस भांडले. मी म्हणाले, आधी मागची बाजू लिहू. आता डब्याच्या मागे मोठ्या मराठी अक्षरांत चार ओळी आहेत: शेंगदाण्याची पेंड. राजगिरा. वेलची. दुसरं काही नाही. ताराबाईंना वाचता येत नाही, म्हणून रेखावहिनींनी त्यांना वाचून दाखवलं. ताराबाईंनी खाली सही करू का म्हणून विचारलं.

सहावा सोमवार संपला त्या दिवशी काकूंनी मला उपास सोडायला पुरणपोळी केली. मी चौथी घेतली तेव्हा त्यांनी तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली. मला बरेच दिवस एक गोष्ट विचारायची होती, पण धीर होत नव्हता. पोट भरल्यावर झाला.

"काकू, तुम्ही जन्मभर सोयाबीन पेरलंत, काढलंत. घरात पोती असतात. इतके दिवस रोज पीत होतात. तुम्हाला वास नाही आला?"

"आला ना," काकू म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी आला. चॉकलेटच्या आडून. म्हनून तं नवरात्राच्या आधी इचारलं तुले, चालते काय."

"मग मी चालतंय म्हटल्यावर तुम्ही..."

"म्हनलं, कंपनीनं त्याले धुतलं असन. उपासाचं केलं असन." त्यांनी माझ्या ताटात पाचवी पोळी टाकली. "तुह्या पाठीवर कोच लिहेल हाये. माह्या नाकावर काय लिहेल हाये?"

मला ती पोळी संपवायला वेळ लागला.

या धंद्यात मी जे शिकले ते एवढंच. आपण पाठीवर काहीतरी लिहून उभे राहतो, तेव्हा समोरचं माणूस आपलं नाक बाजूला ठेवून आपलं ऐकतं. त्यामुळे नाकाचं कामही आपल्यालाच करावं लागतं. काउंटरच्या ड्रॉवरमध्ये आता एक भिंग ठेवलंय, शेजारी शब्द लिहिलेली वही. वहीत सध्या एकशे बारा शब्द आहेत. कुणी डबा पुढे करून विचारलं, कोचबाई, हे चालते काय, तर जिभेवर आलेलं ते वाक्य मी गिळते. डबा फिरवून मागची बाजू वर करते आणि म्हणते, बसा, पाऊण तास लागेल.

आता मात्र वीस मिनिटांत होतं.